बदली हरिदास

'शिष्यवृत्ती' या शब्दातला 'शिष्य' लोकांना आधी ऐकू येतो. मार्तंडबुवा पोंक्ष्यांना 'वृत्ती' ऐकू आली, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

घोटाळा तरी कसा म्हणायचा? राजापूरच्या खाली, खाडीकाठच्या एका देवळात पोंक्ष्यांच्या घराण्याकडं कीर्तनाची वृत्ती होती. नवरात्रात आणि चैत्राच्या उत्सवात नारदाच्या गादीवर उभं राहायचं ते पोंक्ष्यानंच. बाप थकला की मुलगा, मुलगा अंथरुणाला खिळला की पुतण्या. माणूस बदलेल, सेवा चुकायची नाही. अशा वृत्तीला मुदत नसते, तिचा राजीनामा नसतो. ती घराची असते, माणूस नुसता तिची पालखी खांद्यावर घेणारा भोई.

ती वृत्ती बुवांच्याच हातून गेली. मुलाला, विद्याधरला, शिकवायचं म्हणून ते बिऱ्हाड घेऊन पार्ल्याला आले. पुढं एका नवरात्रात विद्याधर विषमज्वरानं फणफणला होता, तेव्हा त्याला टाकून गावी जाववलं नाही, आणि बदली कुणाला पाठवावं हे सुचलंच नाही. पंचांनी घट बसले त्या दिवशी वाट पाहिली, दुसऱ्या दिवशी गादी चुलतघराण्याला दिली. भांडण नाही, तंटा नाही. खंड पडला, वृत्ती गेली. त्यानंतर बुवा पार्ल्यात, जोगेश्वरीत, कांदिवलीत, बोलावतील तिथं कीर्तनं करीत राहिले. लोक प्रेमानं ऐकत, हार घालत. पण बोलावणं वेगळं आणि वृत्ती वेगळी. बोलावलेला हरिदास पाहुणा असतो, देवाच्या घरचा नसतो.

म्हणून विद्याधर रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात आला आणि त्याला दिल्ली सरकारची संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा बुवांनी आळीभर पेढे वाटले आणि प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं, "आमच्या घरात पुन्हा वृत्ती आली हो!" लोकांना वाटलं, बुवांची कीर्तनी कोटी. कोटी नव्हती ती.

विद्याधरचं काम होतं अंधेरीला, गिल्बर्ट हिलच्या पलीकडच्या एका संस्थेत. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड किती गंजतं, आणि त्याच्यावर कसला लेप दिला म्हणजे कमी गंजतं, हे तो शोधत होता. देशात पूल व्हायचे होते, बोटी व्हायच्या होत्या, धरणांची दारं व्हायची होती; सगळं लोखंडाचं. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बांबूच्या मांडवावर त्यानं लोखंडी पट्ट्या टांगल्या होत्या. दर गुरुवारी त्यांतल्या काही काढून आणायच्या, गंज खरवडायचा, वाळवायच्या, वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढं लोखंड वाऱ्यानं खाल्लं. बुवांना हे इतकं आवडलं की पार्ल्याच्या देवळात त्यांनी पूर्वरंगात तोच दृष्टांत लावला. "देह टांगलाय वाऱ्यावर, महाराज! रोज गंजतोय. नामाचा लेप द्या!" बायका माना डोलवत होत्या. विद्याधर मागं खांबाला टेकून उभा होता, लाजून चूर झालेला.

दुसऱ्या वर्षी मार्गशीर्ष सरता सरता त्याच्या छातीत पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं आणि विश्रांती. किती दिवस? डॉक्टर म्हणाले, दिवस मोजू नका. तेव्हापासून तो आतल्या खोलीत कॉटवर पडून होता, भिंतीकडं तोंड करून. दर गुरुवारी संध्याकाळी त्याच्या प्रयोगशाळेतली कुंदा कोरगावकर म्हणून मुलगी यायची, दारातूनच त्याला वजनाचे आकडे सांगायची, बुवांच्या बायकोनं, जानकीबाईंनी दिलेला चहा घाईघाईनं प्यायची आणि जायची. ती जोगेश्वरीला राहायची, सकाळी शाळेत शिकवायची आणि दुपारी संशोधन करायची. तिला शिष्यवृत्ती नव्हती. बुवांच्या लेखी ती साथीदार. पेटीवर नाही तर झांजेवर असतं तसं एक माणूस. 'साथीला मुलगी बरी आहे,' असं ते जानकीबाईंना म्हणायचेसुद्धा.

एके दिवशी तिन्हीसांजेला विद्याधर भिंतीकडं बघतच बोलला, "अण्णा, मी राजीनामा लिहून देतो म्हणतो."

"कशाचा?"

"शिष्यवृत्तीचा."

बुवा चिपळ्यांची सैल झालेली झांज दोऱ्यानं बांधत होते. त्यांनी मानही वर केली नाही. "वृत्तीचा राजीनामा नसतो रे. उदक सोडावं लागतं. तेही माणूस गेल्यावर, मागं कुणी नसलं तर."

"काय बोलता हो दिवेलागणीला!" स्वयंपाकघरातून जानकीबाई कडाडल्या. "जिभेला काही हाड?"

"मी शास्त्र सांगतोय."

"शास्त्र देवळात सांगा. इथं लेकरू पडलंय."

विद्याधर हळूहळू, दम घेत बोलत होता. "अहो अण्णा, ही देवस्थानची वृत्ती नव्हे. सरकारची आहे, मुदतीची. दर सहा महिन्यांनी काम किती पुढं गेलं ते दिल्लीला कळवायचं, तर पुढची मिळते. मी इथं पडून काय कळवू? आज भात पचला म्हणून?"

"सरकार म्हणजे देवस्थानाहून मोठं. तिथं तर खंड मुळीच चालायचा नाही."

"मग करू काय मी?"

"तू बरा हो. बदलीचं मी बघतो."

विद्याधरला वाटलं, थट्टा. त्यानं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी बुवांनी आंघोळ-पूजा उरकली, धुवट धोतर नेसले, लांब कोट घातला, उपरणं घेतलं, पगडी चढवली आणि बिस्किटांच्या कारखान्याचा गोडसर वास नाकात घेत घराबाहेर पडले. रूळ ओलांडून घोडबंदर रोडनं ते चालत अंधेरीला गेले. वय झालं होतं, दोनदा बसावं लागलं. संस्थेच्या दारात धोंडू शिपाई स्टुलावर बसून तंबाखू मळत होता. पगडी बघून तो लगबगीनं उठला.

"बुवानू, देऊळ वयर आसा, टेकडेर. हय नाय."

"देवळात नाही आलो रे बाबा. विद्याधर पोंक्षे म्हणून तुमच्याकडं वृत्तीवर आहे ना? मी त्याचा बाप. बदली आलोय."

"बदली?" धोंडूनं तळहातावरची तंबाखू तशीच ठेवली. "म्हंजे तुमी पट्टये घासतलास?"

"सांगतील ते करीन."

धोंडूनं त्यांना डॉक्टर गुप्त्यांच्या खोलीत नेलं. श्यामसुंदर गुप्ते विद्याधरचे मार्गदर्शक. चष्मा कपाळावर, डोळे लाल. चालू वर्षाचं अनुदान कुठं अडलं आहे, असं दिल्लीला विचारून विचारून ते थकले होते. संशोधन करायचं म्हणून विलायतेहून परत आलेला हा माणूस आता दिवसातला निम्मा वेळ टपाल लिहीत असे आणि उरलेला निम्मा त्याच्या उत्तराची वाट बघत असे. बुवांचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांना हसू यायला हवं होतं, पण हसायलाही अंगात त्राण लागतं.

"बुवा," ते म्हणाले, "ही जागा घराण्याची नसते. माणसाची असते."

"माणूस आजारी आहे. म्हणून तर आलो."

"तसं नाही हो. असं बघा. आजारपणाची रजा मी वाढवत नेली तर मार्चअखेरीला दिल्लीवाले म्हणतील, काम होत नाही, जागा रद्द. मग ती कुणालाच नाही. पैसा परत गेला की पुन्हा येत नाही, हे मी तुम्हाला अनुभवानं सांगतो. विद्याधरनं त्याआधी राजीनामा दिला तर उरलेल्या मुदतीसाठी पुढच्या नावाला मिळेल. कदाचित. मी नाव सुचवलेलं आहे."

"कुणाचं?"

"कुंदा कोरगावकर."

बुवांना एकदम लख्ख दिसलं. दर गुरुवारी येते. दारात उभी राहते. चहा पिते. चुलतघराण्यातले लोकसुद्धा असेच यायचे, नवरात्राच्या आधी, तब्येतीची चौकशी करायला.

"म्हणजे साथीदारानं गादी घ्यायची!" ते म्हणाले.

"तुम्ही काय म्हणता ते मला नीट कळत नाही," गुप्ते म्हणाले, "पण बुवा, तुम्ही इथं बसून काही व्हायचं नाही."

"बसू तर देता?"

गुप्त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. वाद घालायचा म्हणजे पुन्हा बोलणं आलं. "बसा," ते म्हणाले. "फक्त तराजूजवळ मोठ्यानं श्वास घेऊ नका. श्वासानंही काटा हलतो."

अशा रीतीनं मार्तंडबुवा पोंक्षे विद्याधरच्या स्टुलावर बसले. दुसऱ्या दिवशीही आले, तिसऱ्या दिवशीही. पगडी मांडीवर, पाठ ताठ. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, आणि कळतं असा आवही त्यांनी कधी आणला नाही. कुंदा आली की ते तिच्याकडं असे बघायचे, जसं सासू नव्या सुनेच्या हातातल्या तुपाच्या भांड्याकडं बघते. ती वजन करायला बसली की मात्र श्वास रोखून धरायचे. एकदा इतका वेळ रोखला की ठसका लागला आणि तिला सगळं पहिल्यापासून करावं लागलं. ती काही बोलली नाही. धोंडू बोलला, "बुवानू, तुमी भायर येवन खोका. हय काटो भियाता."

गुरुवार आला. कुंदानं पिशवी घेतली, कोरडी फडकी घेतली, आणि दारात थबकून विचारलं, "अण्णा, येता वर्सोव्याला?"

"येणारच. विद्याधरची सेवा आहे."

बसनं ते वर्सोव्याला उतरले. किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले, उन्हात चकाकणारे. बुवांनी उपरणं नाकाला लावलं. त्या बोंबलांच्या मांडवाशेजारी विद्याधरचा मांडव, त्याच बांबूंचा, त्याच सुंभानं बांधलेला. फक्त बोंबलांच्या जागी लोखंडी पट्ट्या. जाळं विणत बसलेल्या एका कोळणीनं बुवांना बघितलं आणि खदखदून हसली.

"अगो कुंदा, आज बामन आनलास? लोखंडाची पूजा सांगाला क काय?"

"पूजा नाही गं, राखण करायला आलेत," कुंदा म्हणाली.

"कोनापासून? आमच्या मांजरीपन तोंड लावत नाय त्या पट्ट्यांना!"

बुवांनाही हसू आलं, पण राखण हा शब्द त्यांच्या मनाला टोचला. कुंदानं पदर खोचला आणि मांडवाखाली वाकली. तिचा हात वर गेला तेव्हा त्यांना तिची बोटं दिसली. गंज उतरवायच्या आम्लानं कातडी सोलून निघाली होती, नखांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. प्रत्येक पट्टी सोडवायची, नंबर वाचायचा, फडक्यात गुंडाळायची. वाऱ्यानं वाळू उडत होती.

"तुझ्याही पट्ट्या आहेत का इथं?" बुवांनी विचारलं.

"नाही. या सगळ्या पोंक्ष्यांच्या. माझं काम वेगळं आहे. होतं."

"होतं म्हणजे?"

"कपाटात ठेवलंय. पोंक्षे आजारी पडले तेव्हापासून. दोन्ही जमत नाहीत ना, शाळा करून. आणि यातला एक गुरुवार चुकला, तर मग हा सगळा प्रयोग नव्हे, नुसतं गंजकं लोखंड."

"सरांनी सांगितलं तुला?"

"सर कशाला सांगतील? सरांना कळलं तेव्हा रागावलेच माझ्यावर." तिनं एक पट्टी गुंडाळून पिशवीत ठेवली. मग मागं न वळताच म्हणाली, "अण्णा, सरांनी माझं नाव पुढं पाठवलंय, हे तुम्हाला कळलंय, हो ना? तुम्ही स्टुलावर बसलात त्याच दिवशी मला समजलं."

बुवांनी उपरणं सारखं केलं.

"म्हणूनच तुमच्याकडं चहा घ्यायची लाज वाटते मला. काकू कपात साखर घालतात आणि मला घोट गिळवत नाही. पोंक्षे बरे होऊन लवकर यावेत असं वाटतं. देवाशपथ वाटतं. आणि खोटं कशाला बोलू, अण्णा? दुसरंही वाटतं. दोन वर्षं मी वाट बघत्येय."

ओहोटी लागली होती. बुवांनी कितीतरी सभांतून माणसाच्या मनातल्या द्वंद्वावर निरूपण केलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या. आत्ता त्यांना एक ओवी आठवेना. "आण ती पिशवी," ते एवढंच म्हणाले. "जड झाली असेल."

त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी पाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले. जानकीबाई निवडलेले तांदूळ धूत होत्या. बुवांनी वर्सोव्याचं सगळं सांगितलं, कोळणीचं हसणं तेवढं गाळून.

"काय करावं गं?" शेवटी ते म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी हा प्रश्न बायकोला फारसा विचारला नव्हता. जानकीबाईंनी हातातली पातेली खाली ठेवली.

"आडिवऱ्याची गोष्ट तुम्ही दर उत्सवात सांगता," त्या म्हणाल्या. "ते रत्नागिरीकडचे थोर बुवा. पूर्वरंग झाला, हार पडला गळ्यात, आणि घसा बसला. तुम्ही मागं झांज घेऊन उभे होतात. उत्तररंग कुणी केला?"

"मी."

"आरती?"

"मीच."

"आणि बिदागी?"

बुवा उंबऱ्यावर बोट घासत राहिले. ही गोष्ट ते नेहमी इथपर्यंत सांगायचे. पुढं लोक टाळ्या वाजवायचे आणि शेवट राहून जायचा. "त्यांनी माझ्या ओंजळीत घातली," ते म्हणाले. "मी नको नको म्हणत होतो. आवाज फुटत नव्हता त्यांना, कुजबुजून म्हणाले, 'ज्यानं आरती केली, त्याची. मी घेतली तर मी आजारी नव्हे पोरा, मी चोर.'"

"मग?" जानकीबाईंनी पातेली चुलीवर चढवली. "मला काय विचारता?"

सकाळी बुवा विद्याधरच्या कॉटशी स्टूल ओढून बसले. इंजेक्शनवाला दुपारनंतर यायचा होता. विद्याधर जागा होता.

"तो राजीनामा," बुवा म्हणाले, "लिही म्हणतो मी."

 विद्याधरनं कूस वळवली आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडं सरळ बघितलं. "तुम्ही नको म्हणत होतात ना?"

"म्हणत होतो."

"मग आता हो कशाला म्हणता?" त्यानं विचारलं. "तुम्ही नको म्हणत होतात, म्हणून मला सोडतो सोडतो म्हणता येत होतं, अण्णा."

 इतके दिवस ते ज्याच्याशी भांडत होते, तो खरं तर त्यांच्याच पाठीशी दडून बसला होता. आता काय सांगावं? मन घट्ट कर म्हणावं, की देव बघतोय म्हणावं? दुसऱ्याच्या मुलाला त्यांनी दोन्ही सांगितलं असतं. त्यांनी नुसतं वर्सोव्याचं सांगितलं. बोंबलांचं, वाऱ्याचं, पट्ट्या सोडवणाऱ्या मुलीचं. तिचं स्वतःचं काम कपाटात आहे, हेही सांगितलं.

"कपाटात?" विद्याधर म्हणाला. "मला वाटलं सरांनी तिला हेच काम दिलंय. ती मला कधी बोलली नाही." त्यानं स्वतःची बोटं बघितली. "बोटं कशी आहेत तिची?"

"सोललीत."

"हातमोजे आहेत ना माझे, मोठ्या कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात. मी दाखवले होते तिला. एकाला भोक आहे, पण… दोन घाल म्हणावं, एकावर एक." बोलून त्याला धाप लागली. बुवांनी छातीवर हात ठेवला. धाप ओसरल्यावर तो म्हणाला, "कागद द्या. टेकून बसवा मला."

चार ओळी लिहायला त्याला फार वेळ लागला. शेवटी सही केली आणि पेन असं ठेवलं, जणू ते लोखंडाचं आहे. जानकीबाई दारात उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून.

कागद कोटाच्या आतल्या खिशात घालून बुवा निघाले. ऊन तापलं होतं. वाटेत ते पुनःपुन्हा खिसा चाचपत होते. हरवेल म्हणून नव्हे, हरवला तर बरं असं कुठंतरी वाटत होतं म्हणून. गुप्त्यांनी कागद घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, वाचला आणि परत बुवांपुढं धरला.

"यावर तारीख नाही."

"आं?"

"तारीख, बुवा. तारखेशिवाय दिल्लीत हे चालायचं नाही. मार्चच्या आधीचा आहे की नंतरचा, त्यांना कसं कळणार?"

"तुम्ही घाला ना."

"अक्षर वेगळं पडेल. त्यांनीच घालायला हवी." गुप्त्यांचा चेहरा ओशाळा झाला होता. "तुम्हाला फेरा पडतो, मला कळतं. पण मी यातून फार पोळलोय."

बुवा परत पार्ल्याला आले. मुलाला त्याची वृत्ती एकदा सोडायला लावली, आता पुन्हा एकदा लावायची. पायऱ्या चढताना त्यांनी कठड्याला धरलं. विद्याधर उशीला टेकून पेज पीत होता.

"काय झालं? घेतला नाही?"

"तारीख राहिली रे," बुवा म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून त्यांच्याही नकळत निघून गेलं, "सरकारला वैराग्यसुद्धा तारीखवार लागतं."

विद्याधर हसला. किती दिवसांनी हसला! हसता हसता खोकला, पेज सांडली, जानकीबाई धावल्या. "कोणती घालू?" डोळे पुसत त्यानं विचारलं.

"आजची घाल. आज चांगली आहे."

विद्याधरनं झरकन तारीख घातली. दुपारी बुवा पुन्हा अंधेरीला गेले. गुप्त्यांनी तारीख बघितली, कागद ठेवून घेतला, आणि म्हणाले, "तो बरा झाला की त्याचा अर्ज मी पुन्हा पाठवीन. मिळेलच असं म्हणत नाही. असलं काही म्हणायचं मी आता सोडलंय." कुंदाच्या शिष्यवृत्तीचा हुकूम कधी येईल, हेही त्यांना सांगता येत नव्हतं. होळीच्या आधी येईल, नंतर येईल, एखादवेळी अनुदानासारखा वाटेतच बसून राहील.

कुंदा पलीकडच्या टेबलाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. बुवा तिच्याजवळ गेले, हातमोज्यांचा निरोप दिला. "एकावर एक दोन घाल म्हणालाय." ती वळून मोरीकडं गेली, नळ सोडला, आणि पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"बुवानू, च्या येता. बसा," धोंडू म्हणाला.

"नको रे. त्याच्या इंजेक्शनची वेळ होईल."

घरी पोचले तेव्हा इंजेक्शन देऊन माणूस निघून गेला होता. खोलीत स्पिरिटचा वास होता. विद्याधर पाठीवर निजला होता, दंडावर कापसाचा बोळा दाबून. बुवांनी पगडी खुंटीला अडकवली आणि त्याच्या पायाशी बसले. पोटऱ्या ठणकत होत्या.

"दिला?"

"दिला."

"घेतला?"

"तारीख बघून घेतला."

विद्याधर आढ्याकडं बघत राहिला. बाहेर कुणीतरी मुलं ओरडत खेळत होती. "मग आता मी कोण, अण्णा?" त्यानं विचारलं. "ना शिष्य, ना वृत्ती. आता काय आहे मी?"

बुवांनी त्याच्या पायांवरून पांघरूण सारखं केलं.

"आता तू आजारी आहेस," ते म्हणाले. "इतके दिवस तुला धड आजारीसुद्धा पडता आलं नव्हतं. तेवढं नीट कर. आज एवढंच कर."

विद्याधरनं डोळे मिटले. बुवा त्याच्या पायांवर हात ठेवून बसून राहिले. उठायचं होतं, संध्याकाळची पूजा होती, पण अंगात उठायचं बळ यायला थोडा वेळ लागणार होता.